नानांची वीस मिनिटे

नानांचे सहस्रचंद्रदर्शन वाईला झाले, पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि चौथ्या दिवशी माझ्या घरी एक पेनड्राइव्ह येऊन पडला. तीन मोबाइल आणि भाच्याचा एक कॅमेरा यांनी टिपलेले २१४ तुकडे त्यात होते. सगळे मिळून पाच तास चाळीस मिनिटे. पाठोपाठ भावाचा फोन आला, "ताई, तू आता रिकामीच असतेस. याचं वीस मिनिटांचं काहीतरी कर. त्याहून जास्त कोणी बघत नाही." निवृत्त बाईला रिकामी म्हणण्याचा अधिकार धाकट्या भावांना कोणी दिला, हा वेगळा विषय आहे. मी हो म्हणाले, कारण व्हिडिओ कापणे म्हणजे मेथीची जुडी निवडण्यासारखे काम असणार, अशी माझी समजूत होती. जून देठ काढायचे, कोवळा पाला ठेवायचा, संपले.

या कामाला आपल्याकडे 'संकलन' म्हणतात. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तो शब्द मी जन्मभर वाचला आणि त्याच्याकडे कधी नीट पाहिले नाही. जुन्या गणितात संकलन म्हणजे बेरीज, आणि वजाबाकीला व्यवकलन म्हणत. जे काम कात्रीने चालते त्याला बेरजेचे नाव का मिळाले असावे, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला. कारण माझ्यापुढे तर पाच तास वीस मिनिटांची वजाबाकी वाढून ठेवलेली होती.

भाच्याने 'केडेनलाइव्ह' नावाचे सॉफ्टवेअर सुचवले. ते विनामूल्य आहे, मुक्तस्रोत आहे आणि माझ्या नऊ वर्षांच्या संगणकावर चालण्याइतके समजूतदार आहे. उघडल्यावर वर तुकडे ठेवण्याची जागा आणि ते पाहण्याच्या खिडक्या दिसतात, आणि खाली आडवी पसरलेली टाइमलाइन असते, म्हणजे शाळेत इतिहासाच्या तासाला काढायला लावत तशी कालरेषा. चित्रांचे पट्टे वर, आवाजाचे खाली. पहिला तुकडा मी त्या रेषेवर ओढून ठेवला, तशी एक सूचना पुढे आली : या तुकड्याप्रमाणे प्रकल्पाची मापे बदलायची का? मी हो म्हटले. अनोळखी खिडकीतल्या प्रश्नाला हो म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्याला बँकांनी आणि मोबाइलनी लावली आहे. संध्याकाळी भाच्याने फोनवर चौकशी केली आणि सगळे पुन्हा नव्याने सुरू करायला लावले. मोबाइलवाल्यांनी सेकंदाला ३० फ्रेमच्या, म्हणजे ३० स्थिर चित्रांच्या, गतीने चित्रण केले होते आणि माझ्या होकाराने प्रकल्पही ३० चा झाला होता; याचा कॅमेरा मात्र २५ वर होता, आणि तो तसा मुद्दाम ठेवलेला होता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्या हिशेबात २५ चांगले बसतात. ३० च्या गतीने काढलेल्या काही तुकड्यांत मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइट थरथरताना दिसत होत्या, त्याचे कारण मला असे निवृत्तीनंतर कळले.

पहिला काप घालताना हात कापतो, असे मी लिहिले तर अतिशयोक्ती वाटेल, पण मी तीन वेळा कर्सर नेला आणि परत आणला. चौथ्या वेळी क्लिक केले ते चुकीच्या जागी. मामी म्हणत होत्या, "नाना, शतायुषी व्हा!" त्यातले "शतायुषी" एका तुकड्यात राहिले आणि "व्हा" दुसऱ्यात जाऊन पडले. एवढ्या शुभ वाक्याची अशी फोड झालेली पाहून मी घाईघाईने ते पूर्ववत केले. कंट्रोल आणि झेड या दोन कळा एकत्र दाबल्या की झालेले पाप फिटते, ही सोय प्रत्यक्ष संसारात असती तर बरेच काही सोपे झाले असते.

मग हळूहळू उमगले, की मी ज्याला कापणे म्हणत होते त्यात काहीच कापले जात नव्हते. मूळ व्हिडिओ पेनड्राइव्हवरून उतरवून घेतलेल्या फोल्डरमध्ये जसाच्या तसा पडून असतो. प्रकल्पाची फाइल ही केवळ एक यादी असते. कोणत्या फोल्डरमधली कोणती फाइल, तिच्यातल्या कितव्या क्षणापासून कितव्या क्षणापर्यंत, आणि कोणानंतर कोण. वाण्याच्या यादीत साखर नसते, 'साखर' असे लिहिलेले असते. हे तत्त्व मला समजले, परंतु पुरते समजले नव्हते, हे आठवड्याने सिद्ध झाले. एका रविवारी मला आवराआवर करण्याची लहर आली आणि मी सगळे तुकडे एका नव्या, सुंदर नावाच्या फोल्डरमध्ये हलवले. दुसऱ्या दिवशी प्रकल्प उघडला तर फाइली सापडत नसल्याची लांबलचक तक्रार समोर होती. साहजिकच होते, यादी जुन्या दुकानात गेली होती आणि दुकान मी हलवले होते. भाचा म्हणाला, "आत्या, रडू नकोस, नवा फोल्डर दाखव त्याला." दाखवला, आणि एकेक करून सगळे नातेवाईक आपापल्या जागी परत आले. तेव्हापासून मी घरातले कपाट आवरते, संगणक आवरत नाही.

जुन्या संगणकाची आणखी एक अडचण होती. मोबाइलचा व्हिडिओ जागा वाचवण्यासाठी प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही; मधूनमधून एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढे नोंदवतो. त्यामुळे मधलेच एखादे चित्र दाखव म्हटले, की बिचाऱ्या संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशेब मांडत यावे लागते. मी रेषेवर कर्सर फिरवला की गुरुजी अर्धवट उघड्या तोंडाने थिजून बसत. यावरचा उपाय मला फार आवडला. सॉफ्टवेअर प्रत्येक मोठ्या तुकड्याची एक छोटी, हलकी प्रत तयार करते, आपण सगळी कामे त्या प्रतीवर करतो आणि शेवटी अंतिम फाइल बनताना मूळ तुकडे वापरले जातात. त्या प्रतीला प्रॉक्सी म्हणतात. देवळातली मुख्य मूर्ती गाभाऱ्यातून हलत नाही. पालखीत बसून गावभर हिंडते ती उत्सवमूर्ती. ही कल्पना ज्या कोणा परदेशी अभियंत्याला सुचली, त्याने आमची एखादी यात्रा पाहिली नसेलच असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

आवाज आणि ओठ यांची फारकत, उभ्या मोबाइलने काढलेल्या चित्रांच्या दोन्ही बाजूंचा काळा अंधार, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नानांच्या नावाच्या जागी उमटलेली भलतीच अक्षरे, ही प्रकरणे येऊन गेली. त्यांवर उपाय निघाले. ज्यावर उपाय नव्हता ते प्रकरण मोठ्या काकूंचे.

भावाच्या लग्नाची एक व्हीएचएस कॅसेट आमच्या घरात आहे. तिच्यात नवरीचा चेहरा कमळातून उमलतो, दोघे बदामात बसून आकाशात जातात आणि पाने उलटल्यासारखी दृश्ये बदलतात. एवढ्या सगळ्या करामतीत काकू मात्र एकदाच दिसतात, आणि तेही पाठमोऱ्या. गेली तीस वर्षे प्रत्येक कार्यात काकूंचे एक वाक्य ठरलेले आहे, "आमची काय, पाठच दिसते." सॉफ्टवेअरमध्येही त्या कमळा-बदामांचे वारसदार मिळतात. पहिल्या उत्साहात मी सोळा ठिकाणी निरनिराळ्या करामती घातल्या आणि दुसऱ्या दिवशी शरमून पंधरा काढल्या. परंतु काकूंचे वाक्य काढता येण्यासारखे नव्हते. मी एक वही घेतली, आलेल्या प्रत्येक घरातल्या माणसांची नावे लिहिली आणि जो चेहरा रेषेवर आला त्याच्यापुढे खूण करीत गेले. आहेराची वही ठेवावी तशीच ती वही झाली. काकूंचा समोरून दिसणारा एकच तुकडा २१४ मध्ये होता, चार सेकंदांचा, औक्षणाच्या वेळचा. तो मी सोन्यासारखा जपून सातव्या मिनिटाला बसवला.

पूर्वी हे काम खरोखरच कात्रीचे होते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली आपला पहिला चित्रपट लोकांपुढे आणला, तेव्हा कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा हात असे, आणि ही कामे घरातच चालत. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे मावतात. बोलपटांच्या सेकंदाला २४ या गतीने मिनिटाला ९० फूट लागतात. आमचे पाच तास चाळीस मिनिटे फिल्मवर असते, तर ती ३०,६०० फूट झाली असती, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरहून थोडी अधिक. वाईहून पसरायला घेतली असती तर पसरणी घाटात कुठेतरी संपली असती. सरस्वतीबाईंनी घरचा स्वयंपाकही सांभाळला, हे आठवले की मी आपल्या पाठदुखीविषयी कमी बोलते.

या साऱ्या कामात एक जागा अशी आली, जिथे मी तीन संध्याकाळी अडकून पडले. सत्कारानंतर नानांना दोन शब्द बोलायला सांगितले होते. नाना उभे राहतात, हातात माइक घेतात आणि काहीच बोलत नाहीत. चष्मा काढतात. उपरण्याच्या टोकाने एक काच पुसतात, मग दुसरी. चष्मा पुन्हा लावतात. डावीकडे बसलेल्या आईकडे पाहतात. आई मान खाली घालून हातातल्या अक्षता एका तळव्यातून दुसऱ्या तळव्यात घेत असते. मग नाना म्हणतात, "बसा सगळे. जेवून जा." एवढेच. उभे राहिल्यापासून बोलेपर्यंत अकरा सेकंद जातात. भावाच्या वीस मिनिटांच्या हुकमापुढे ही अकरा सेकंदे उघडीवाघडी दिसत होती, म्हणून मी ती काढली. आता नाना उठून ताडकन "बसा सगळे, जेवून जा" म्हणू लागले, आणि ते ऐकून खाणावळीच्या मालकाची आठवण येऊ लागली. अर्धी ठेवून पाहिली. तेव्हा नाना चष्मा काढत, पण पुन्हा कधी घातला ते कळत नसे. तिसऱ्या संध्याकाळी ती सगळी परत जागेवर ठेवली. फक्त शेवटी एक गोष्ट केली. चित्र नानांवरच ठेवले आणि पुढच्या पंगतीच्या दृश्याचा आवाज दोन सेकंद आधी सुरू केला. "जेवून जा" म्हणून नाना खाली बसत असतानाच कुठूनतरी ताटांचा खणखणाट आणि "वरण, वरण" अशी हाक ऐकू येते, आणि मग पंगत दिसते. प्रत्यक्षात त्या दोन्हींमध्ये पाऊण तास गेला होता. संकलनाला बेरजेचे नाव देणाऱ्याने बहुधा अशीच एखादी जागा पाहिली असावी, असे मला त्या रात्री वाटले.

त्याच रात्री मी आणखी एक हिशेब केला. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस, म्हणजे जवळजवळ ८० वर्षे १० महिने. सेकंदाला २५ फ्रेमच्या गतीने २९,५३० फ्रेम किती वेळ चालतील, तर १९ मिनिटे ४१ सेकंद. भावाने वीस मिनिटे हा आकडा हवेतून काढला होता. मी त्याला हा हिशेब कळवला तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मग एकोणीस एक्केचाळीसच कर." धाकटा असला तरी आमच्याच घरातला आहे.

शेवटची फाइल तयार व्हायला माझ्या संगणकाला दोन तास लागले. पंखा असा घरघरत होता, की शेजारच्या बाई पिठाची गिरणी घेतली का म्हणून विचारून गेल्या. रविवारी वाईला सगळ्यांनी मिळून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ते पाहिले. आई काही बोलली नाही. नाना चष्मा पुसत आहेत तिथे तिने पदराशी चाळा केला. सातवे मिनिट आले. काकू समोरून दिसल्या, हसऱ्या, हातात तबक, चेहऱ्यावर निरांजनाचा उजेड. मी पडद्याकडे न पाहता काकूंकडे पाहत होते.

काकू पुढे वाकल्या. "अगं बाई, ती नथ बघ कशी वाकडी झालीय," त्या म्हणाल्या. "तेवढं माझं काढून टाक."

मी पुष्कळ समजावले, पण काकू ऐकेनात. घरी येऊन प्रकल्प उघडला, ती चार सेकंदे काढली आणि त्या जागी त्याच वेळचा दुसऱ्या मोबाइलवरचा तुकडा बसवला, म्हणजे लांबी एका फ्रेमनेही हलली नाही. त्या तुकड्यात नाना समोर दिसतात, तबक दिसते, आणि काकू पाठमोऱ्या आहेत. नवी फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला.

"हं," त्या म्हणाल्या, "आता शोभतंय."