स्टोइंगचं डिझाइन: आधी पाण्याचा हिशेब

वॉशरीचा (कोळसा धुण्याच्या कारखान्याचा) रिजेक्ट, म्हणजे धुताना वेगळा निघालेला टाकाऊ दगडी माल, पाण्यासोबत पुन्हा खाणीत भरायचा, म्हणजेच स्टोइंग करायचं, हे कागदावर सहज बसतं. १०० टन कच्च्या कोळशातून ३० टन रिजेक्ट निघाला, तर भरल्यावर तो जेमतेम १९-२० घनमीटर जागा घेतो आणि तो माल काढताना सीममध्ये (कोळशाच्या थरात) ६० घनमीटरहून जास्त पोकळी झालेली असते. पण छत पाडलं की गोफात (कोळसा काढून झालेल्या पोकळीत) शिरता येत नाही, आणि पडलेला दगड फुगून उरलीसुरली जागा खातो. म्हणून जागा किती आहे यापेक्षा ती किती दिवस उभी राहील, हे आधी ठरवावं. वॉशरी काही त्यासाठी थांबत नाही, तेव्हा वर साठवणीची सोय लागतेच.

आता पाणी. आतून १५० मिमी व्यासाच्या पाइपातून सेकंदाला ३ मीटर वेगाने ताशी सुमारे १९० घनमीटर स्लरी (पाणी आणि रिजेक्टचं मिश्रण) जाते. त्यात आकारमानाने २० टक्के माल धरला तर ताशी ८०-८५ टन रिजेक्ट उतरतो, आणि त्याच्यासोबत १५० घनमीटर पाणी. ते गाळून, संपमध्ये (खाणीतल्या पाणी साठवायच्या खड्ड्यात) निवळवून परत वर फेकायचं असतं. आमच्या मते आधी हा खालचा पंप निवडावा, वरचा मागाहून.

वेग कमी पडला तर जाड खडे तळाला बसून लाइन चोक होते. वाढवला तर पाइपाचा तळ झिजतो, म्हणून ठरावीक टनेजनंतर पाइप १२० अंशांनी फिरवतात. खडा व्यासाच्या एकतृतीयांशापेक्षा मोठा नको. बेंड जास्त असतील तर २५ मिमीखाली क्रश करा.

सुरू करताना आणि बंद करताना लाइन साध्या पाण्याने धुवावी लागते. १,५०० मीटर लाइनमध्ये साडेसव्वीस घनमीटर पाणी मावतं, म्हणजे एका वेळेला साधारण साडेआठ मिनिटं. प्रत्येक थांब्यामागे अशा दोन धुलाया आणि हे पाणीही पॅनेलमध्येच (भरणी चालू असलेल्या भागात) जातं. दिवसात चारदा थांबणारी लाइन त्यामुळेच महागात पडते. थांबवताना आधी मालाचा फीड बंद करा, पाणी चालू ठेवा. खालचा व्हॉल्व्ह एकदम कधीच बंद करू नका.

भरलेला माल अडवून पाणी बाहेर सोडणाऱ्या बंधाऱ्याचं गणित तर पाण्यावरच उभं आहे. ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच बंधाऱ्यावर नुसत्या स्लरीचा जोर २२ टनांच्या आसपास येतो. सीमला उतार असेल आणि निचरा तुंबून मागे २० मीटर उंचीचं पाणी चढलं, तर तोच जोर २०० टनांपलीकडे जातो. निचरा तुंबतो तो बहुधा बारीक मातीने. रिजेक्टमधला शेल (मातीचा थरदार खडक) पाण्यात विरघळल्यासारखा होतो आणि गाळणीच्या कापडावर थर धरतो. मूठभर शेल रात्रभर बादलीत भिजत ठेवा. सकाळी चिखल झाला असेल, तर बारीक माल आधी चाळून वेगळा काढा.

भरणी चालू असताना बंधाऱ्यातून गळणारं पाणी अचानक आटलं, म्हणजे निचरा तुंबल्याची शंका आली, तर फीड ताबडतोब थांबवा आणि समोरची माणसं हलवा.