सुट्टीत मुलाला कांदा काढणीच्या टोळीत घालावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून. दहावीची परीक्षा आटोपली की नाशिककडच्या शेतकरी घरांतून दरवर्षी हा प्रश्न येतो: पोराला उन्हाळ कांद्याच्या काढणीला टोळीबरोबर लावू का? लावा. फक्त त्याच्या रोजाचं आधी ठरवा, कारण घोळ तिथेच होतो.

सुरगाणा-पेठ तालुक्यांकडून येणारी टोळी बहुधा एकरावर उक्तं काम घेते आणि ठरलेली रक्कम आपसात वाटून घेते. दहा जणांत नवखा अकरावा आला आणि त्यालाही वाटा मिळाला, तर त्याच्या संथ हाताची भरपाई बाकीचे दहा करतात. वाटा नाही दिला तर पोरगं फुकट राबतं. म्हणून त्याचा रोज तुम्ही वेगळा द्या, उक्त्याच्या रकमेतून नको, आणि हे पहिल्याच दिवशी मुकादमाला सगळ्यांसमोर सांगा. नाहीतर मालकाने देखरेखीला पोरगा पाठवलाय, अशी समजूत होते आणि मग त्याला कुणी काही शिकवत नाही. वावरात शब्द मुकादमाचा. सोबतच्या बायांना मावशी म्हणायचं, अरे-तुरे करायचं नाही, हे घरूनच बजावा.

निम्म्या रोपांच्या माना पडल्या की कांदा काढणीला आला. पाणी दहा-पंधरा दिवस आधीच तोडलेलं असतं. जमीन फार आवळली असेल तर पात तुटून हातात येते, कांदा खालीच राहतो. अशा वाफ्यात आधी माती सैल करून घ्यावी. उपटलेला कांदा असा पसरायचा की एका ओळीची पात शेजारच्या ओळीच्या कांद्यांवर पडेल. उघडा राहिलेला कांदा उन्हाने भाजतो.

तीन-चार दिवसांनी पात सुकली की कापणी. मानेला पीळ द्यायचा आणि इंच-दीड इंच मान ठेवून कापायचं. नवखा हमखास अगदी जवळून कापतो, कांदा गोल आणि देखणा दिसतो म्हणून. पण उघड्या मानेतून सड शिरते, आणि ती कळते साठवणीच्या चाळीत, टोळी गावी परतल्यावर. म्हणून पहिल्या दिवशी त्याच्या हाती विळा देऊच नका; उपटणी आणि पसरणी करू द्या. नंतर एखाद्या मावशीशेजारी बसवा. तिचा विळा फारसा हलत नाही, कांदाच धारेवर फिरतो, आणि अंगठा कायम धारेच्या मागे असतो. हे सांगून कळत नाही, बघूनच येतं.

कांदे वाहायची पाटी त्याला अर्धीच भरून द्या. सावलीतल्या पोळीखाली, म्हणजे कांद्याच्या ढिगाखाली, विंचू असू शकतो, तिथे नुसता हात घालायचा नाही. काम सकाळी सहा ते अकरा, मग चारनंतर. पहिले तीन-चार दिवस फक्त सकाळचं. तहानेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी. डोकं दुखायला लागलं, मळमळलं की सावली, ओली फडकी, लिटरभर पाण्यात क्षारसंजीवनीचं पाकीट. असंबद्ध बडबडायला लागला किंवा घाम थांबून अंग तापलं तर थेट दवाखाना.

आणि वय. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीपासून चौदाच्या आतल्या मुलाला मजुरीवर लावता येत नाही. सुट्टीत घरच्या शेतात हातभार लावला तर चालतं. हा कायदा टोळीबरोबर आलेल्या पोरांनाही तितकाच लागू आहे. त्यांच्यातल्या दहा वर्षांच्या मुलीच्या हाती विळा दिसला, तर तो काढून घेणं तुमचं काम.

हिशेबाच्या दिवशी मुलाला मुकादमाशेजारी बसवा. टोळीने आगाऊ घेतलेली उचल किती वळती झाली आणि हाती किती पडले, ते त्यालाच वहीत लिहू द्या.