पाठ असलेल्या ओळी

सोमवार, रात्री

आज मानेचा एमआरआय झाला. तंत्रज्ञ बाईंनी आधी सगळं नीट समजावून सांगितलं. अजिबात हलायचं नाही, कानात बोळे, त्यावर हेडफोन, हातात रबराचा फुगा. अगदीच सहन होईना तर तो दाबायचा. मग डोक्याभोवती प्लास्टिकची चौकट बसवली आणि मला आत सरकवलं. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर पांढरं छत. आवाज सुरू झाले. ठक ठक, मग सलग घरघर, मधेच पूर्ण शांतता, आणि परत वेगळ्याच लयीत ठक ठक.

भीती वाटली. 'काही होत नाही', 'थोडाच वेळ आहे' असं मनाशी म्हणून पाहिलं. ही वाक्यं दोनदा म्हटली की त्यांच्यातलं बळ संपतं, तिसऱ्यांदा ती नुसती शब्दांची रांग उरते. फुगा हातात होताच. आणि मग मी न ठरवता 'मना सज्जना' सुरू झालं.

मनाचे श्लोक मी रोज म्हणत नाही. २०५ पैकी मला मूठभरच येतात, तेही शाळकरी वयात कानावर पडून बसलेले. पण जे येतात ते अक्षर न अक्षर येतात. भुजंगप्रयात वृत्त: लघु, गुरू, गुरू, असं चारदा, एका ओळीत १२ अक्षरं. यंत्राची लय वेगळी, श्लोकाची वेगळी, आणि दोन्ही एकाच वेळी डोक्यात. यंत्राला सोडून श्लोक धरून ठेवायला जोर लावावा लागत होता, आणि त्या जोर लावण्यातच भीतीला जागा कमी पडत गेली. ओळ संपली की श्वास, ओळ संपली की श्वास. हे कुणी शिकवलेलं नाही, वृत्तच ते करवून घेतं.

पहिल्या काही फेऱ्यांत अर्थाकडे लक्षच नव्हतं. मग कधीतरी अर्थही आला. हे श्लोक मनाशी बोलतात. माझं मन म्हणजे मी नव्हे, ते समोर बसलेलं कुणीतरी आहे, आणि त्याला सज्जन म्हणून, मान देऊन हाक मारलेली आहे. रामदासांनी हे ज्या हेतूने लिहिलं तो हेतू भक्तीचा, माझा आजचा प्रसंग त्या मानाने फार लहान. पण त्या नळीत घाबरलेलं मन एकीकडे आणि त्याला हाक मारणारी मी दुसरीकडे, एवढं अंतर मला त्या एका संबोधनाने मिळवून दिलं. माझ्या स्वतःच्या शब्दांनी ते झालं नव्हतं.

मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत कालचा प्रकार सांगितला. एक सहकारी म्हणाले, "मग पाढे म्हटले असते तरी चाललं असतं की." प्रश्न खोचक नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. दिवसभर तेच डोक्यात होतं.

पाढ्यांनीही श्वास लयीत आला असता, हे खरं. पण पाढे माझ्याशी बोलले नसते.

घरी आल्यावर मम्मटाचा 'काव्यप्रकाश' हा संस्कृत काव्यशास्त्रावरचा ग्रंथ काढला. मम्मट अकराव्या शतकातला, काश्मीरचा. कवितेचा उपयोग काय हा प्रश्न त्याने ग्रंथाच्या आरंभीच घेतलाय आणि एका श्लोकात सहा उत्तरं दिली आहेत:

काव्यं यशसेऽर्थकृते व्यवहारविदे शिवेतरक्षतये।
सद्यः परनिर्वृतये कान्तासम्मिततयोपदेशयुजे॥

यश, पैसा, व्यवहाराचं ज्ञान, अशुभाचं निवारण, वाचताक्षणी मिळणारा परम आनंद, आणि प्रिय व्यक्तीने समजवावं तसा उपदेश. यश आणि पैसा पहिल्या दोन जागांवर आहेत हे मला आवडतं. कवीला पोट असतं हे त्याने लपवलं नाही. पण ती दोन्ही कवीच्या पदरात पडणारी. वाचणाऱ्याचं काय, ते पुढच्या चारांत शोधायचं.

अशुभनिवारणासाठी तो मयूर कवीचं उदाहरण देतो. सूर्याची स्तुती करणारं शतक रचल्यावर मयूराचा कुष्ठरोग बरा झाला, अशी आख्यायिका आहे. कवितेने रोग बरा होतो यावर माझा विश्वास नाही. माझ्या मानेत जे काही आहे ते कुठल्याही श्लोकाने जाणार नाही, त्याला डॉक्टरच लागतील. पण काल जे अशुभ दूर झालं ते मानेत नव्हतंच. ते भय होतं. तेवढ्यापुरतं मम्मटाचं म्हणणं मला शब्दशः मान्य आहे.

उपदेशाबद्दलचं त्याचं विवेचन सुंदर आहे. वेद मालकासारखी आज्ञा करतात, पुराणं मित्रासारखं सांगतात, आणि काव्य प्रियेसारखं आपल्याला रसात ओढून वळवतं. रामासारखं वागावं, रावणासारखं वागू नये, हे शेवटी तिन्हींत तेच. सांगण्याची तऱ्हा वेगळी. इथे मात्र मी त्याच्याबरोबर पूर्ण जात नाही. मला ज्या कवितांनी आजवर सांभाळलं त्यांतल्या कितीतरी कसलाच उपदेश करत नाहीत. त्या एखादी गोष्ट आहे तशी समोर ठेवतात आणि थांबतात. त्यांना माझ्यात काही बदल घडवायचा नसतो, आणि बहुधा म्हणूनच मी त्यांच्याकडे परत परत जाते.

बुधवार

मैत्रिणीची आई गेली. दुपारी निरोप आला.

लांब असल्यामुळे लगेच जाणं शक्य नव्हतं, फोन करायचा धीर झाला नाही, म्हणून लिहायला बसले. 'भा' टाइप केला आणि फोनने 'भावपूर्ण' पुढे केला, त्याच्यापाठोपाठ 'श्रद्धांजली'. एका बोटात सांत्वन तयार. ते शब्द खोटे नाहीत. पहिल्यांदा कुणीतरी ते जीव ओतूनच लिहिले असतील. पण आज तिच्या फोनवर ते किती जणांकडून पोचले असतील, आणि त्यांतल्या कशातही तिची आई नसेल.

मी खोडून परत लिहिलं. 'त्या फार प्रेमळ होत्या'. खोडलं. 'काळजी घे'. खोडलं. दिवसभर ऑफिसात मी भाषाच वापरते, 'योग्य ती कार्यवाही करावी', 'आपल्या माहितीसाठी सादर', आणि ही भाषा तिच्या कामापुरती चोख आहे. पण तिच्यात माणूस येऊ नये अशीच तिची रचना असते. संध्याकाळी त्याच बोटांनी दुसरं काही लिहायला गेलं की बोटं अडतात.

शेवटी, आवडलेल्या कविता मी ज्या वहीत उतरवते तिच्यातल्या एका कवितेचं एक कडवं पाठवलं. त्यात मृत्यूचा उल्लेख नाही. आई कामाला निघून गेल्यावर घरात मागे राहिलेल्या वस्तूंबद्दल आहे. खाली माझं नाव, बाकी काही नाही. पाठवल्यावर वाटलं, दुसऱ्याचे शब्द पाठवणं हे स्वतः बोलण्यातून सुटका करून घेणं तर नव्हे?

गुरुवार, उशिरा

कालच्या त्या प्रश्नाला धरून आज आन्ना अख्मातोवा या रशियन कवयित्रीकडे गेले.

लेनिनग्राड, स्टॅलिनच्या दहशतीची वर्षं. अख्मातोवाचा मुलगा अटकेत होता आणि ती १७ महिने तुरुंगाबाहेरच्या रांगांत उभी राहिली. 'रेक्विएम' या काव्याच्या सुरुवातीला तिने गद्यात एक छोटा प्रसंग लिहिलाय. रांगेत कुणीतरी तिला ओळखलं. तिच्यामागे एक बाई उभी होती, थंडीने ओठ निळे पडलेल्या. तिने अख्मातोवाचं नावही कधी ऐकलं नसावं. तिने कानाशी येऊन कुजबुजत विचारलं (तिथे सगळेच कुजबुजत बोलत): याचं वर्णन तुम्ही करू शकाल? अख्मातोवा म्हणाली, करू शकेन. तेव्हा, एके काळी जो त्या बाईचा चेहरा होता त्यावरून हसण्यासारखं काहीतरी सरकून गेलं.

हा प्रसंग मी आधीही वाचलाय. आज त्या बाईचा विचार करत बसले. तिच्यासमोर एक प्रसिद्ध कवयित्री उभी होती. कुणाची ओळख आहे का, आत निरोप पोचेल का, असं काहीही ती विचारू शकत होती. तिने विचारलं ते एवढंच, की हे शब्दांत येईल का. आतलं माणूस सुटणार नव्हतं, रांग कमी होणार नव्हती. तरीही ते ऐकून तिला बरं वाटलं. आपण जे सोसतोय ते अचूक सांगितलं जाईल, आणि ते आपल्यालाच सांगावं लागेल असं नाही.

हे वाचून माझा कालचा प्रश्न सुटला. त्या बाईने दुसऱ्या कुणाला शब्द मागितले. त्यात पळवाट कुठे होती?

आणि ते काव्य टिकलं कसं, हेही याच्याशीच जोडलेलं आहे. ओळी घरात सापडल्या तर जीवावर बेतणार. म्हणून अख्मातोवा कागदाच्या चिठोऱ्यावर ओळी लिहायची, लिडिया चुकोव्स्काया या मैत्रिणीला वाचायला द्यायची, तिच्या पाठ झाल्या की चिठोरा रक्षापात्रात जाळून टाकायची. अशा काही मोजक्या माणसांच्या डोक्यात ते काव्य वर्षानुवर्षं राहिलं. १९६३ मध्ये ते म्युनिकला छापलं गेलं, सोव्हिएत रशियात १९८७ साली.

आपल्याकडे बहिणाबाई. परिस्थितीत काही साम्य नाही, पण एक धागा मला सारखा दिसतो. एकीला लिहिता येत नव्हतं, दुसरीला लिहून ठेवणं परवडणारं नव्हतं. बहिणाबाई शेतात, घरात, हाताला काम चालू असताना ओव्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि एका नातेवाइकाने त्या ऐकून जमेल तशा उतरवून घेतल्या. १९५१ साली त्या गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी त्या वह्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. म्हणजे मम्मटाच्या यादीतल्या पहिल्या दोन गोष्टी, यश आणि पैसा, त्यांना हयातीत मिळाल्याच नाहीत. तरी आयुष्यभर रचत राहिल्या. ज्यांना कविता म्हणजे रिकाम्या वेळेचा उद्योग वाटतो त्यांनी हे एक आयुष्य नीट पाहावं. रिकामा वेळ त्यांच्याकडे नव्हता. कविता कामाच्या आतच होती.

दोघींचंही काव्य कागदावर येईपर्यंत तरलं, कारण यमक आणि लय या गोष्टी माणसाच्या स्मरणाला धरून राहण्यासाठीच घडलेल्या आहेत. तीच गोष्ट गद्यात असती तर सारांश उरला असता. कवितेचा सारांश उरून उपयोग नसतो, ती जशीच्या तशी यावी लागते. म्हणूनच हल्ली चुकीच्या कवीचं नाव लावून, ओळी मोडून-तोडून फिरवल्या जाणाऱ्या कविता पाहिल्या की मला फार वाईट वाटतं. एखाद्याने एका शब्दासाठी रात्री घालवलेल्या असतात.

शनिवार

वहीत एक नवी कविता उतरवली. मी मोबाइलवर जतन करत नाही, हाताने लिहिते. लिहिताना ओळ कुठे संपते हे हाताला कळतं. आज मुद्दाम एक प्रयोग केला: ओळी न तोडता सगळी कविता परिच्छेदासारखी सलग लिहून पाहिली. शब्द तेच, क्रम तोच. वाचून पाहिली तर चांगलं, समजूतदार वाक्य झालं होतं. मग परत कवीने तोडली होती तशी लिहिली. पहिली ओळ 'नाही' या शब्दावर थांबते आणि दुसरी 'असं नाही' ने सुरू होते. त्या मधल्या जागेत क्षणभर मी 'नाही' खरं मानलं होतं. सलग वाक्यात तो क्षण मिळतच नाही, डोळा पुढे निघून जातो.

आठवडाभर मी वाचलेलं जवळजवळ सगळं पुढे निघून जाण्यासाठी होतं. बातम्या, मेल, सूचना. एका शब्दावर थांबायला लावणारं एवढंच.

रविवार

मैत्रिणीचं उत्तर आलं. आभार वगैरे काही नाही. फक्त: "याच्या पुढचं कडवं आहे का?"

आहे. दोन आहेत. लगेच लिहून पाठवली. थोड्या वेळाने तिचा फोन आला. ती कवितेबद्दल काही बोललीच नाही. आईचा चष्मा कुठे ठेवायचा हे ठरत नाहीये, म्हणाली. पेटीत ठेवला तर ती वापरत नव्हती असं वाटतं, टेबलावर ठेवला तर आत्ता येईल असं वाटतं. पहिल्या कडव्यात चष्मा नाही, पण दाराशी राहिलेली चप्पल आहे. तिने तिथूनच बोलायला सुरुवात केली हे मला कळलं. तिला ते सांगितलं नाही. बराच वेळ ती बोलत होती, मी ऐकत होते.

फोन ठेवताना म्हणाली, "ते पुस्तक मिळेल का गं?"

माझी प्रत तिला देणार नाही. तिच्यात जागोजागी माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, समासात तारखा आहेत. मी जिथे थांबले तिथेच तिने थांबावं असं नको. उद्या तिच्यासाठी कोरी प्रत मागवते.