वाकायामाच्या केंचोत समन्वयक म्हणून: जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

जपानी सरकारी कार्यालयात काम करायचं असेल, तर परदेशी माणसाला जेट कार्यक्रमाची, म्हणजे परदेशी तरुणांना शाळांत आणि स्थानिक सरकारांत कामाला नेणाऱ्या जपान सरकारच्या योजनेची, वाट सर्वांत सोयीची. १९८७पासून तो चालू आहे. बहुतेक जण त्यातून शाळांत इंग्रजी शिकवायला जातात. सीआयआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयक, थोडेच असतात. त्यांना जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी तरी हवी, पण फोनवर बोलायची वेळ आली की सर्वांत वरची एन-१च उपयोगी पडते. करार एका वर्षाचा. वाढत वाढत जास्तीत जास्त पाच वर्षं.

मी वाकायामाच्या केंचोत, प्रांत सरकारच्या मुख्यालयात होते. महाराष्ट्राशी या प्रांताचा २०१३चा सहकार्य करार आहे, आणि २०१५मध्ये इथल्या कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावरच्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला. आपल्याकडची शिष्टमंडळं तिथे येतात, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं.

विमानतळावर रेसिडन्स कार्ड मिळतं. घरी राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवा. नावाचा हांको, म्हणजे सहीऐवजीचा शिक्का, आधीच करून घ्या, बँकेत किंवा कार्यालयात अजूनही लागू शकतो.

कार्यालयात कुठलीही गोष्ट ‘किआन’ नावाच्या प्रस्तावाने सुरू होते. तो कागद, किंवा हल्ली संगणकातली फाईल, हाताखालच्या माणसापासून विभागप्रमुखांपर्यंत एकेकाच्या मंजुरीने वर चढतो. बस, दुभाषा, जेवण, भेटवस्तू, सगळं त्यात लागतं. म्हणून मुंबईहून ‘तारीख पुढच्या आठवड्यात कळवतो’ असा निरोप आला की इथे सगळं अडतं. मी दोन्हीकडे स्पष्ट सांगायला लागले. मुंबईला: नावं नंतर बदला, पण माणसं किती आणि शाकाहारी किती, ते आज द्या. वाकायामाला: कार्यक्रमात अर्धा तास मोकळा ठेवा, गप्पा लांबणार. बैठकीत नवा मुद्दा काढू नका. ज्यांची मंजुरी लागणार त्यांना आधी एकेकट्याने भेटून सांगा. बैठकीत फक्त शिक्कामोर्तब होतं. हे मला फार आवडलं, कारण एकदा होकार मिळाला की मग कुणी माघार घेत नाही.

सर्वांत जपायची तारीख म्हणजे १ एप्रिल. त्या दिवशी बदल्या होतात आणि दोन-तीन वर्षांत जवळजवळ प्रत्येकाचा विभाग बदलतो. मार्चमध्ये नावं जाहीर झाली की तुमच्याबरोबर बसणारा, भारताची सगळी माहिती असणारा माणूस पाणीपुरवठ्याकडे जाऊ शकतो. हस्तांतराची टिपणं लिहिली जातात, पण त्यात ‘या पाहुण्यांना संध्याकाळी चहा लागतोच’ असलं काही नसतं. ते तुम्ही लिहा. कोण आलं, काय ठरलं, पुढे कुणी काय करायचं होतं, तारखांसकट आणि जपानीत. अशा विभागात समन्वयकच कित्येकदा जुना माणूस ठरतो, आणि दोन सरकारांमधलं नातं त्या फाईलवर टिकतं, असं माझं ठाम मत आहे.

जेवणाचं: भाज्यांच्या सारातही बोनिटो माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो, ‘मांस नाही’ म्हणून भागत नाही. शाकाहारी पाहुण्यांना शक्य असेल तर कोयासानला न्या. मठांतल्या शोजिन, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या शाकाहारी, जेवणात मासळी नसते. हाशिमोतोहून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार. हिवाळ्यात बर्फ असतं, बूट तसे घ्या.

पैशांचं एक नीट समजून घ्या. स्थानिक रहिवासी कर आदल्या वर्षीच्या मिळकतीवर लागतो आणि जूनपासून कापतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षी हातातला पगार कमी होतो. निघताना निवृत्तिवेतनाची एकरकमी परतफेड मागता येते; अर्ज देश सोडल्यापासून दोन वर्षांत करायचा. पण २०१६पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. रक्कम उचललीत तर ती वर्षं पुढे भारतातल्या सेवेला जोडता येत नाहीत. परत जपानला यायचा विचार असेल तर घाई करू नका. रकमेतून कापला गेलेला कर परत मिळवायला जपानमध्ये कर-प्रतिनिधी लागतो, तो निघण्याआधीच नेमा.