हाहा म्हणजे आई

रविवार, रात्रीचे साडेदहा. आईच्या डोळ्यात थेंब घालायला अजून वीस मिनिटं आहेत म्हणून लिहायला बसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज पाचवा दिवस, साताऱ्याहून माझ्याकडे पुण्यात आलीये, काळा गॉगल लावून सोफ्यावर बसते, आणि टीव्ही नाही, पेपर नाही म्हटल्यावर दिवसभर माझ्यावरच लक्ष ठेवून असते.

मी जपानी गिरवतेय. डिसेंबरात एन-फाइव्ह आहे, म्हणजे जपानीची सगळ्यात पहिल्या पायरीची परीक्षा. पहिल्या दिवशी तिला म्हटलं कांजी शिकतेय, तर म्हणाली कॉटनच्या साड्यांना घालतो ती? त्याला काय क्लास लावायचा? मग समजावलं की ही जपानी अक्षरं. खरं तर त्या परीक्षेत एकही कांजी हाताने लिहावी लागत नाही, दिलेल्या पर्यायांतला एक गोल काळा करायचा की झालं. पण आमच्या सेन्सेई, म्हणजे क्लासच्या बाई, जुन्या वळणाच्या, त्यांना वही भरलेली दिसायला लागते. तर मी लेकीची गणिताची चौकटीची वही ढापलीये, चार चौकटी मिळून एक अक्षर.

या आठवड्याला घरची माणसं आहेत. बाबा, आई, दादा, धाकटा भाऊ, ताई, धाकटी बहीण. ही सहाही अक्षरं जपानी पोरं दुसरीत शिकतात आणि मी त्रेचाळिसाव्या वर्षी आईवर अडकलेय. आहे काय त्यात, पाच स्ट्रोक, एक जरासा कललेला चौकोन, आत एकाखाली एक दोन ठिपके, आणि मधून दोन्ही बाजूंनी बाहेर येणारी आडवी रेघ. घोळ असा की मागच्या महिन्यात 'माइनिची' शिकले, म्हणजे रोज, आणि त्यातल्या 'माइ'च्या खालच्या भागात हीच आकृती आहे पण तिथे दोन ठिपक्यांऐवजी एकच उभी रेघ. समुद्राच्या अक्षरातही तसंच. आता हात आपोआप रेघच ओढतो. आज दोन पानं अशीच गेली.

उच्चार तर 'हाहा'. लेक हसून लोळली. ते सुद्धा दुसऱ्याशी बोलताना स्वतःच्या आईला म्हणायचं, घरात हाक मारताना किंवा दुसऱ्याच्या आईबद्दल बोलताना 'ओकासान'. क्लासमध्ये मी माझ्या आईला ओकासान म्हटलं तर सेन्सेईंनी थांबवलं, आपल्या माणसाला बाहेरच्यांसमोर मोठेपणा द्यायचा नसतो म्हणे. आता आपण बाबांना अहो म्हणतो आणि आईला अगं, घरात असो की बाहेर, हे जपान्यांना कसं समजवायचं.

पण सेन्सेईंनी सांगितलेलं एक कोडं भारी आहे. १५१६ सालच्या जपानी कोड्यांच्या संग्रहातलं: आईला दोनदा भेटतात, बापाला एकदाही नाही, ते कोण? उत्तर, ओठ. आता हाहा म्हणताना ओठ कुठे भेटतात? तर त्या काळी तो 'ह' ओठांनी म्हणत, साधारण 'फाफा'सारखा, आणि 'चिचि' म्हणजे बापाला ओठ लागत नाहीत. या एका कोड्यावरून अभ्यासक जुना उच्चार सांगतात! आईला सांगितलं तर ती गॉगलमागे गप्प बसून पुटपुटत राहिली आणि मग म्हणाली, आपल्यात उलटं गं, बाबाला दोनदा भेटतात आणि आईला एकदाही नाही. मी तीनदा म्हणून बघितलं. खरंच की.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणतीस वर्षं पहिली-दुसरीला होती, त्यामुळे वही बघितल्यावर तिला राहवेना. चांगला डोळा बारीक करून विचारलं, हे ठिपके कसले? मी जरा चाचरले. मूळ चित्रात म्हणे गुडघ्यावर बसलेली बाई आहे, आणि ते दोन ठिपके म्हणजे तिचे स्तन, पोराला पाजणारी म्हणून आई. क्लासमध्ये हे सांगितलं तेव्हा आयटीतली सगळी पोरं एकदम वहीत बघायला लागली होती. आई म्हणाली, मग नुसत्या बाईच्या अक्षरात ठिपके नाहीत? नाहीत म्हटलं. 'बरोबर आहे,' म्हणाली, 'पण तुझे कडेला चिकटतायत, सुटे काढ.' विषय संपला.

मग म्हणाली, आडवी रेघ कधी ओढतेस? म्हटलं सगळ्यात शेवटी, असाच नियम आहे. यावर ती जाम खूश. आपलंही तसंच, आधी अक्षर पुरं करायचं मग डोक्यावर रेघ, आधी रेघ ओढून खाली अक्षरं टांगणाऱ्या पोरांच्या पाट्या मी पुसायला लावायचे.

इकडे दे, म्हणून पेन घेतलं. ताण नको म्हटलं तर ऐकेना. पहिला स्ट्रोक खाली येऊन उजवीकडे, दुसरा वरून आडवा जाऊन खाली, मग दोन ठिपके, चांगले टपोरे, कुठेही न चिकटलेले. हात जराही थरथरला नाही. आणि मग शेवटची रेघ ओढली ती सवयीने थेट डोक्यावर.

मी काही बोलले नाही. थेंबांचा अलार्म वाजतोय.