केबल उपटायची की नाही?

मुंबईच्या हेड ऑफिसमधल्या आयटी सिक्युरिटीवाल्याने फोनवर एकच धोशा लावला होता, "आधी ती नेटवर्क केबल उपटा, बाकीचं मग बोलू." इकडे माझ्यासमोरच्या स्क्रीनवर नायट्रेशनची (नायट्रिक आम्लाबरोबरची, खूप उष्णता देणारी क्रिया) बॅच चालू होती आणि रिअ‍ॅक्टरमध्ये आम्लाचं डोसिंग निम्म्यावर आलं होतं.

रायगड जिल्ह्यातला हा मध्यम आकाराचा रासायनिक कारखाना. मी गेलो होतो नेहमीच्या सेफ्टी ऑडिटला. माझं शिक्षण कॉम्प्युटर सायन्सचं. पण सेफ्टी कंट्रोलरमध्ये शिरलो तो तिथलाच झालो. रिअ‍ॅक्टर तापला की फीड बंद करून कूलिंग पूर्ण उघडणारा हा वेगळा कंट्रोलर. एरवी त्याला काहीच काम नसतं, पण गरज पडेल त्या दिवशी त्याने हुकायचं नाही. आमच्या भाषेत ही सगळी साखळी एसआयएल २ (सुरक्षेच्या भरवशाची एक पातळी) होती: शंभरदा गरज पडली तर एकापेक्षा जास्त वेळा हुकता कामा नये.

सकाळी इव्हेंट लॉग चाळताना एक नोंद दिसली. रात्री दोन वाजून बारा मिनिटांनी 'इंजिनिअर' या लॉगिनने कोणीतरी कंट्रोलरला जोडलं गेलं होतं. लॉगिन सगळ्यांचं एकच, त्यामुळे माणूस कोण ते कळायला मार्ग नाही. रात्रपाळीच्या वहीत एक अक्षर नाही.

पॅनल रूममध्ये जाऊन कॅबिनेट उघडलं. कंट्रोलरची किल्ली जागेवरच लटकत होती, तिला तुळजाभवानीचं कीचेन. किल्ली 'रन'वर असेल तर आतला प्रोग्रॅम बाहेरून कोणाला बदलता येत नाही. ती होती 'प्रोग्रॅम'वर.

मग फोर्सची, म्हणजे खरं मोजमाप बाजूला ठेवून हाताने घातलेल्या आकड्यांची, यादी काढली. रिअ‍ॅक्टरवर तापमान मोजून कळवणारे तीन ट्रान्समीटर, तिघांपैकी दोघांनी 'तापलं' म्हटलं की ट्रिप, म्हणजे फीड बंद आणि कूलिंग पूर्ण उघडं. मधल्या ट्रान्समीटरवर फोर्स घातलेला होता आणि तो अगदी शहाण्यासारखं सुरक्षित तापमान दाखवत बसला होता. वरवर पाहता एकच तर बंद आहे, दोन चालू आहेत. पण एकाचं मत कायमचं 'सगळं ठीक' झालं, की ट्रिपसाठी उरलेल्या दोघांचंही एकमत लागतं. त्यातला आणखी एक बिघडला तर रिअ‍ॅक्टर कितीही तापो, ट्रिप येणारच नाही.

आता केबलचं. हेड ऑफिसवाल्याचं त्याच्या जागी बरोबर होतं. कोणी आत असेल तर दार आधी लावायचं. ऑफिसच्या कॉम्प्युटरला मीही तेच केलं असतं. पण इथे त्याच स्विचवरून ऑपरेटरला सेफ्टी कंट्रोलरची तापमानं दिसत होती. केबल काढली की ऐन डोसिंगमध्ये तो आंधळा. शिवाय आतला प्रोग्रॅम कोणी बदलला असेल, तर संपर्क तुटल्यावर तो काय करेल याची मला खात्री नव्हती. मी फोन प्लँट मॅनेजरांच्या हातात दिला आणि शिफ्ट इनचार्जला म्हटलं, "डोसिंग थांबवा. कूलिंग चालू राहू दे, ढवळणं बंद करू नका."

नायट्रेशनमध्ये आम्ल थांबवलं म्हणजे लगेच सुटलो असं नसतं. क्रिया न झालेलं आम्ल आत साठलेलं असतं, ते संपेपर्यंत उष्णता येतच राहते. ढवळणं थांबलं तर थर वेगळे होतात आणि पुन्हा सुरू करताना सगळं एकदम पेटू शकतं. म्हणून वाट बघायची. फील्डवर एका ऑपरेटरला लोकल गेजपाशी उभं केलं, तो वॉकी-टॉकीवर आकडे सांगत राहिला आणि आम्ही ते स्क्रीनशी जुळवत बसलो.

त्या वेळात डोक्यात घोळत होतं ते २०१७ चं सौदी अरेबियातलं प्रकरण. तिथल्या पेट्रोकेमिकल कारखान्यात हल्लेखोर थेट सेफ्टी कंट्रोलरपर्यंत पोचले होते. त्या मालवेअरला पुढे ट्रायटन नाव पडलं. तिथेही किल्ली 'प्रोग्रॅम'वरच राहिली होती. कंट्रोलरमधल्या तीन प्रोसेसरांचं आपसात जुळेना, म्हणून त्याने स्वतःहून कारखाना सुरक्षित बंद केला आणि त्यामुळेच प्रकरण उघडकीस आलं. हल्लेखोरांची चूक झाली म्हणून कळलं, हे मला आजही पचत नाही.

तापमान उतरून स्थिर झालं तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. मग किल्ली 'रन'वर फिरवली, ऑपरेटरला सांगून केबल काढली आणि कंट्रोलरमधला प्रोग्रॅम मंजूर प्रतीशी ताडून पाहिला. ही प्रत सुदैवाने कपाटात कुलपात होती. ओळन् ओळ जुळली. फरक तेवढा एका फोर्सचा.

मॅनेजरांचा संशय नुकत्याच काढलेल्या एका इंजिनिअरवर होता, पोलिसांत जायची भाषा चालू होती. तेवढ्यात इन्स्ट्रुमेंटचे काका कॅबिनेटमागे हात घालून म्हणाले, "साहेब, हे बघा." वायरींच्या डक्टमागे डबल टेपने चिकटवलेला सिमकार्डवाला छोटा राउटर. लॉकडाऊनमध्ये पुरवठादाराच्या माणसांना येता येईना, तेव्हा बसवला होता. मग काढायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पासवर्ड राउटरच्या कंपनीतून आलेलाच.

पुरवठादाराच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याला कोड्यात पडल्यासारखं झालं. "सर, तुमच्याच रात्रपाळीतून फोन आला होता. ट्रान्समीटर उगाच ट्रिप देतोय, बॅच जाईल म्हणाले. मी फोर्स टाकून दिला आणि सकाळी काढा म्हणून मेसेजही केला." मेसेज रात्रपाळीवाल्याच्या मोबाइलवर होता. तो घरी झोपला होता.

मॅनेजरांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे हॅकिंग नाहीच. मग कळवायचं कशाला?" एप्रिल २०२२ च्या आदेशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवावी लागते. मी म्हटलं, "तो चांगला माणूस होता हे आपल्याला आत्ता कळलं. त्या राउटरमधून याआधी कोण येऊन गेलं, ते सांगता येईल?" त्यावर थोडी वादावादी झाली. हेड ऑफिसवाला या वेळी माझ्या बाजूने होता. चारच्या आत मेल गेला.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये ठरत होतं की किल्ली यापुढे मॅनेजरांच्या ड्रॉवरमध्ये. काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "आणि रात्री दोनला साहेब पनवेलला झोपलेले असताना खरंच लागली तर? पोरं डुप्लिकेट करून घेतील." बरोबरच होतं. शेवटी किल्ली शिफ्ट इनचार्जकडे, रजिस्टरमध्ये दोन सह्या, आणि 'प्रोग्रॅम'वर गेली की कंट्रोल रूममध्ये अलार्म, असं ठरलं.

मग काकांनी फाइलमधून इंडेंटची (खरेदीच्या मागणीची) कॉपी काढून टेबलावर ठेवली. तो ट्रान्समीटर बिघडल्याचं त्यांनी पावसाळ्याआधीच लिहून दिलं होतं. परचेसने 'दोन चालू आहेत, तातडी नाही' असा शेरा मारून परत पाठवलं होतं. मॅनेजरांनी तिथल्या तिथे सही केली. पण माल यायला काही आठवडे जाणार होते. तोवर बिघडलेल्याचं मत 'तापलं' असंच धरायचं, म्हणजे उरलेल्यांपैकी एकानेही म्हटलं तरी ट्रिप, असं मी लिहून दिलं. अशाने उगाचच्या ट्रिप वाढतात. प्रॉडक्शनवाले लगेच कॅल्क्युलेटर घेऊन किती बॅच जातील ते मोजायला बसले.