उरलेली तीन मिनिटं

रविवार, रात्री पावणेबारा

अंगाला अजून काड्यांच्या धुराचा वास येतोय. ड्रायव्हरकाकांच्या गच्चीवर आज भरीत झालं. त्यांचं भुसावळातलं बहुतेक हे शेवटचंच. संक्रांत झाली की काका-काकू मुलाकडे सुरतला जाणार, कायमचे. ज्या तापी लाइनवर आयुष्यभर मालगाड्या नेल्या, त्याच लाइनने आता खिडकीशी बसून जायचं. मी तसं म्हणालो तर काका हसले. "बरंय भो, या टायमाला सिग्नल दुसरा कोणी पाहील."

आमची पाच जणांची ऐकायची बैठक दहा-अकरा वर्षं चालू आहे. महिन्यातून एकदा जमायचं, प्रत्येकाने एक चीज आणायची. आणणाऱ्याने आधी काही सांगायचं नाही आणि संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. दुसरा नियम मी सगळ्यात जास्त वेळा मोडलाय. काकांनी एकदाही नाही. उलट त्यांची एक सवय आहे: गाणं संपलं तरी सुई उचलत नाहीत. ती आतल्या गोलापर्यंत जाऊन खर्रखर्र करत फिरते, तोवर डोळे मिटून बसतात. का, असं एकदा विचारलं होतं. गाडी पुरती उभी राहिल्याशिवाय हँडल सोडायचं नसतं म्हणे.

रेकॉर्डी सुरतला नेणार नाहीत. मुलाचा फ्लॅट लहान, हे एक कारण. खरं कारण गेल्या मे महिन्यातलं आहे. घराला रंग द्यायचा म्हणून ट्रंक आठ दिवस पत्र्याच्या खोलीत ठेवली होती. भुसावळचा मे आणि वर पत्रा! एलपी आडव्या रचलेल्या, आणि वरच्या सात-आठ पापडासारख्या वळल्या. त्यात किशोरीताई आमोणकरांची ती, एका बाजूला भूप राग आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली. काका तरी ती लावतातच. टोनआर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या टोकावर रुपयाचं नाणं ठेवतात, म्हणजे सुई उडत नाही. आर्म तापीतल्या होडीसारखा वर-खाली होतो आणि भुपातल्या 'सहेला रे' मधला लांबवलेला षड्ज, म्हणजे सा, प्रत्येक फेऱ्याला किंचित डुचमळतो. भुपातला षड्ज! ऐकवत नाही. काकांना ऐकवतं.

तर त्यांना निरोपाला काय द्यायचं? मी पेनड्राइव्ह आणला होता, चौसष्ट जीबीचा. म्हटलं, आपल्या पाचही जणांकडचं सगळं भरून देऊ. कॉलेजात फिजिक्स शिकवलेले आमचे सर तिखट माणूस. म्हणाले, "सगळं देणं म्हणजे काहीच न देणं. मी माझ्या फोनमधली नऊशे गाणी तीन वर्षांत उघडलेली नाहीत. नव्वद मिनिटं ठरव. त्याच्यावर एक सेकंद नको."

नव्वदच का? सरांनी व्हॉयेजर काढलं. १९७७ साली नासाने दोन यानं सोडली, प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी बसवली. सोबत सुई आणि ती बसवायचं कार्ट्रिजसुद्धा दिलं, कारण ज्याला सापडेल त्याच्या घरी प्लेअर असेलच असं नाही. अख्ख्या पृथ्वीचं संगीत त्यात २७ तुकड्यांत, साधारण दीड तासात बसवलं. "म्हणजे नव्वदची एक कॅसेट," सर म्हणाले. "पृथ्वीला पुरते, तर आपल्याला का पुरू नये?" भारतातला त्यात एकच तुकडा आहे, केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची. दुसरं यान सुटून दोन आठवडे व्हायच्या आत, १६ सप्टेंबर १९७७ ला बाई गेल्या. रेकॉर्डिंगचा तिटकारा असलेली बाई, आणि तिची तबकडी सगळ्यांत लांब गेली.

केसरबाई त्यामुळे वादाशिवाय यादीत आल्या. पुढचं सगळं वादानेच.

शिरपूरचा दोस्त लताबाईंच्या 'मोगरा फुलला' वर अडून बसला. सरांनी विचारलं, का? तर म्हणे थाळनेर. लताबाईंच्या आई थाळनेरच्या, हे खरंच आहे. "मामानं गाव शे भो, मामानं!" असं त्याने दोनदा हात आपटून सांगितलं. मोगरा चांगला आहे म्हणून नाही, तापीकाठच्या भाचीचा आहे म्हणून. याला कोण काय बोलणार. आला.

आसोद्याकडच्या बाई (शाळेतून रिटायर झाल्यात, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो) बहिणाबाईंचं 'खोप्यामधी खोपा' हवं म्हणाल्या. 'मानिनी' चित्रपटातलं, १९६१ चं, सुमन कल्याणपूरांनी गायलेलं. आणि लगेच त्यांनीच त्याला नावंही ठेवली. गोड आहे, पण घरात बसून म्हटल्यासारखं वाटतं. शेतातून येऊन चुलीपाशी टेकलेल्या बाईची धाप त्यात नाही. "आमच्या तोंडात ळ नसतो, य असतो. जळगावसुद्धा जयगाव. ते कुठलं रेकॉर्डवाल्यांना जमायला?" मी म्हटलं, मग कशाला घेता? तर बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मग काय, दीड तासात आपलं काहीच नको?" भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला.

मी भूप मागितला. वीस-पंचवीस मिनिटं. नव्वदातला पाव हिस्सा! सर म्हणाले, एका माणसाने एवढी जागा अडवायची नाही. काका तोवर गप्प होते. वांग्याची देठं बाजूला करत म्हणाले, "ते राहू द्या. पण चांगलं देजा. वाकलेलं मी ऐकून घेतलं, आता सरळ कसं आहे ते पाहतो." भूप आला. मग माझ्या नावावर दुसरं काही मागायची सोय उरली नाही, आणि मला जे खरं द्यायचं होतं ते तिथेच राहून गेलं.

ते काय होतं, ते इथे लिहितो.

मी पाचवी-सहावीत होतो. सुट्टीत अमळनेरला मामाकडे. स्टेशनकडे जाताना एक दुकान होतं, बाहेर पाटी: 'कॅसेट भरून मिळतील'. कोरी कॅसेट आपण न्यायची, गाणी सांगायची, दोन दिवसांनी यायचं. दुकानदाराकडे एलपी पाठीला पाठ लावून उभ्या असायच्या (आडव्या नव्हे, तो जाणता होता). मामाने नव्वदच्या एका बाजूला 'कॉल ऑफ द व्हॅली' भरायला सांगितली. १९६७ ची, शिवकुमारांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून. ती एलपी दोन्ही बाजू मिळून चाळिशीला टेकते न टेकते. कॅसेटची बाजू पंचेचाळीसची. उरली पाच-सहा मिनिटं.

कोरी पट्टी सोडणं त्या माणसाला पाप वाटत असावं. उरलेल्या जागेत तो न विचारता आपल्या मनाचं काहीतरी भरायचा, त्याचे पैसेही घ्यायचा नाही. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच वाजते, म्हणजे पाच-सहा मिनिटांत तशा दोन जेमतेम बसतात. मामाच्या कॅसेटमध्ये पहाडी संपली, बासरी विरली, थोडी खरखर झाली, आणि एकदम एक उंच, पातळ, रडवेला नव्हे पण रडून झाल्यावरचा असतो तसा आवाज सुरू झाला. कार्डावर नाव नव्हतं. बाई गातेय की बुवा, तेही कळेना. मामा म्हणाला, टेप खराब दिसतेय, बंद कर. मी केला नाही.

अब्दुल करीम खाँ, राग झिंझोटी, 'पिया बिन नाही आवत चैन'. नाव कळायला मला पुढची सात-आठ वर्षं लागली. ही तबकडी ऐकून भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गाणं शोधायला घर सोडून पळाले. मी मामीने आंबरसाला हाक मारली म्हणून आत गेलो. ज्याची त्याची कुवत. त्याच्यामागची दुसरी तबकडी भैरवीची, 'जमुना के तीर'. ती शेवटाला मध्येच तुटायची, कारण पट्टी संपायची. पुढे पूर्ण भैरवी ऐकली तेव्हा त्या जागेवर माझा श्वास आपोआप अडकला, आणि गाणं आपलं पुढे चालूच.

तर आज सरांनी कागदावर बेरीज केली. साडेशहाऐंशी मिनिटं. साडेतीन उरतात, म्हणाले, त्यात काय बसणार, राहू द्या. बाई हो म्हणाल्या, शिरपूरवाल्याला शेवटची गाडी गाठायची होती. यादी काकूंच्या हातची, पेनड्राइव्हबरोबर द्यायला. अकरा चिजा, अकरा ओळी.

आत्ता कॉम्प्युटरवर बसून सगळं क्रमाने लावलं. भूप दोनदा तपासला, षड्ज सरळ आहे. अकराव्या चिजेनंतर दहा सेकंद रिकामी सोडली. मग झिंझोटी घातली, खरखर न काढता. फाइलला नाव दिलं नाही, नुसता बारा आकडा. काकूंच्या यादीत ती नाही, आणि उद्या मी लिहायलाही सांगणार नाही.

अकरावं संपल्यावर काका लगेच बंद करणार नाहीत. गाडी पुरती उभी राहीपर्यंत थांबतील.